असंल, साहेब

शिवडीच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथं पंखा साक्षीदारांपेक्षा जास्त बोलतो,
मी दुभाषी आहे. सतरा वर्षं
माणसांच्या तोंडून निसटलेलं
खाली पडायच्या आत इंग्रजीत झेलते.

आज चांगुणा वैती. वय विचारलं तर म्हणाली,
"साठ असंल, नायतर पासष्ट."
टायपिस्टनं साठ दाबलं.
पहिली चूक तिथंच झाली.

शिवडी बंदर, होडीचं इंजिन चोरीला,
पहाटेचे चार, ओहोटी,
चिखलात कुणीतरी वाकलेलं.
वकील विचारतात, "तो हाच होता का?"
चांगुणा आरोपीकडं बघते. चोवीसचा पोरगा,
नखांत अजून ग्रीस, शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाचं.
बराच वेळ बघते. मग म्हणते,
"असंल."

आणि सगळे माझ्याकडं वळतात.

इंग्रजीत ह्याला जिना आहे.
वरच्या पायरीवर मस्ट, पुराव्याची काठी टेकून:
दिवा लागलाय, चप्पल दाराशी आहे,
म्हणजे माणूस घरात असणारच.
खाली मे, खांदे उडवणारा.
त्याच्याही अर्धी पायरी खाली माइट,
कुणी विचारलं तर "मी बोललोच नाही" म्हणेल असा.
आणि कान्ट. तो तळाला नाही, मस्टच्याच पायरीवर,
फक्त पाठ करून उभा.
परळच्या क्लासात खारकर बाई बजावायच्या,
"ह्या मस्टचा उलटा मस्ट नॉट लिहिलात
तर अर्धा मार्क कापेन.
ती मनाई झाली, अंदाज नव्हे."
कापलाही होता. माझाच.

आमच्या असेलला जिना नाही, सारवलेलं अंगण आहे,
कुणी कुठंही उभं राहावं.
"असेल!" म्हणजे मला काय त्याचं.
"असेल हं" म्हणजे तोच आहे, पण माझं नाव घेऊ नका.
"असेल बाई" म्हणजे पटलं नाही, भांडायला वेळ नाही.
आमच्याकडच्या नव्या पोरानं एकदा सरळ विल बी केलं;
एक माणूस
पुढच्या काळात चोरी करणार म्हणून रेकॉर्डवर गेला.

चांगुणाचं असंल ह्यातलं कुठलं?
तिनं ते वर बघून म्हटलं नाही, खालीही नाही.
शेवटचा ल सैल सोडला,
पाण्यात जाळं सोडतात तसा,
काय लागतंय ते नंतर बघू.

"मॅडम, यस ऑर नो?"
साहेबांना दीडला जेवायचं असतं.

मी परवानगी घेते. "आजी, दिसला, का वाटला?"

"पाठमोरा दिसला. वाकलेला.
ह्याचा बाप बी इंजिनावर असाच वाकायचा.
बाप तर दोन वर्सांमागं गेला.
म्हंजे बाप नसनारच.
तवा हा असंल."

खारकर बाई, पूर्ण मार्क द्या हिला.
शाळेची पायरी न चढता
ही तुमचा अख्खा धडा पायाखाली घालून आली,
नसणारपासून असेलपर्यंत, एका दमात.
पण पाठ हा पुरावा होत नाही.
पाठ बापाकडून येते, शेजाऱ्यासारखीही असते,
अंधारात सगळ्यांचीच एक असते.

मी म्हटलं, "इट मे हॅव बीन हिम."
टायपिस्टनं दाबलं. पोरानं मान वर केली,
त्याला इंग्रजी कळत नाही,
मे तेवढा कळला असावा.
चांगुणा उतरताना मला म्हणाली,
"बरोबर सांगितलंस ना ग?"
मी म्हटलं,
असेल.

संध्याकाळी काळाचौकीला वळले तर
तिसऱ्या मजल्यावर, आमच्या खिडकीत, दिवा.
जयवंत आलेला असणार.
किंवा सकाळी बंद करायचा राहिला असेल.
परवा राहिला होता.
कुकरची शिट्टी झाली, पण ती बर्व्यांकडचीही असू शकते.

पिशवी ह्या हातातून त्या हातात घेते.
तीन जिने आहेत.
वर पोचेपर्यंत
मी कुठलंच क्रियापद काढत नाही.